न बांधलेल्या इमारतीची भिंत

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे मुद्रित रूप)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते बांधकामशास्त्राचे शिक्षक होते. फळ्यावर आकडा लिहिला की तो कुठून आला हे सांगितल्याशिवाय पुढे जायचे नाही, ही त्यांची शिस्त त्यांचे विद्यार्थी आजही सांगतात. त्या शिस्तीला धरूनच मी आजचा विषय निवडला आहे.

मुंबई-पुण्याकडच्या नव्या कार्यालयीन इमारतींच्या माहितीपत्रकांत अलीकडे एक वाक्य हमखास असते: ही इमारत अमुक टक्के ऊर्जा वाचवते. टक्के आले की ‘कशाच्या मानाने’ हा प्रश्न ओघाने आलाच. शेजारच्या इमारतीच्या मानाने? त्याच जागेवरच्या जुन्या इमारतीच्या मानाने? यांपैकी काहीच नाही. ही तुलना अशा एका इमारतीशी असते, जी कधी बांधली गेली नाही आणि पुढेही बांधली जाणार नाही. ती फक्त संगणकात उभी राहते. आकार तोच, मजले तेवढेच, पत्ता तोच, आत बसणारी माणसेही तेवढीच. पण तिच्या भिंती कशाच्या, छप्पर कशाचे, काचा कशा, हे वास्तुरचनाकार ठरवत नाही. ते एका प्रमाणग्रंथात ठरवून दिलेले असते. आमच्या व्यवसायात या इमारतीला बेसलाइन म्हणतात.

खऱ्या इमारतीची परीक्षा या न बांधलेल्या इमारतीच्या भिंतीवर आणि छपरावर बेतलेली असते. ती भिंत कमजोर धरली तर सामान्य इमारतही गुणवान दिसते; ती चुकून फार चांगली धरली तर मेहनतीने केलेली इमारतही नापास होते. म्हणून माझे म्हणणे असे आहे की, ही कल्पित भिंत आणि हे कल्पित छप्पर खऱ्या भिंतीइतक्याच काळजीने रचले पाहिजे, आणि ते लोकांसमोर उघडपणे मांडले पाहिजे. आजचे सगळे व्याख्यान या एका म्हणण्यासाठी आहे.

तुलनेची गरज

१९७३ साली अरब देशांनी तेल रोखले आणि अमेरिकेला इमारतींच्या वीज-इंधनाचा हिशेब मांडावा लागला. वातानुकूलन अभियंत्यांच्या ॲश्रे या संस्थेने १९७५ मध्ये ‘स्टँडर्ड ९०’ प्रसिद्ध केले. त्याचीच पुढची पिढी म्हणजे आज जगभर वापरले जाणारे ९०.१.

अशा नियमांचा सोपा मार्ग म्हणजे यादी. भिंतीतून उष्णता इतकीच यावी, छपरातून इतकीच, खिडकी इतकीच मोठी. प्रत्येक ओळ पाळली की झाले. पण इमारत अशी ओळीओळीने बांधली जात नाही. एखाद्या वास्तुरचनाकाराला दक्षिणेला मोठी खिडकी हवी असते आणि त्याची भरपाई तो छज्ज्याने किंवा अधिक कार्यक्षम चिलरने करायला तयार असतो. यादीत अशा देवाणघेवाणीला जागा नसते. त्यासाठी अख्ख्या इमारतीचा वर्षभराचा हिशेब करावा लागतो आणि तो कशाशी तरी ताडून पाहावा लागतो. ९०.१ च्या २००४ च्या आवृत्तीत ‘अपेंडिक्स जी’ आले ते या कामासाठी. लीड या हरित इमारतींच्या मानांकनामुळे ते आपल्या सल्लागारांच्या टेबलांवर पोहोचले.

आपल्याकडे २००१ चा ऊर्जा संवर्धन कायदा आला, २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो स्थापन झाला आणि २००७ मध्ये ईसीबीसी, म्हणजे व्यापारी इमारतींसाठीची ऊर्जा संवर्धन संहिता, जाहीर झाली. २०१७ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. १०० किलोवॅट किंवा त्याहून अधिक जोडभार असलेल्या इमारतींसाठी ती आहे. तिच्यातही यादीचा मार्ग आहे आणि अख्ख्या इमारतीच्या तुलनेचाही. म्हणजे भारतातल्या अभियंत्यासमोर दोन बेसलाइन आहेत, एक अमेरिकी आणि एक भारतीय. दोघींच्या भिंती वेगळ्या आहेत. त्या फरकाकडे मी पुढे येईन.

संगणकाला भिंत कशी कळते

भिंतीतून जाणाऱ्या उष्णतेचे गणित फूरिए या फ्रेंच गणितज्ञाने १८२२ च्या आपल्या ग्रंथात मांडून ठेवले. अडचण होती ती वेळेची. दुपारी दोनचे ऊन भिंतीवर पडते, पण त्याची उष्णता आतल्या माणसापर्यंत पोहोचायला काही तास लागतात. वर्षाचे ८७६० तास, शेकडो भिंती, आणि प्रत्येक भिंतीत मागच्या तासांची उष्णता अजून वाटेत. हे हाताने होणारे काम नव्हे. १९६७ मध्ये कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमधल्या स्टीफन्सन आणि मितालास यांनी त्यातून वाट काढली. या क्षणी आत येणारी उष्णता म्हणजे मागच्या काही तासांच्या आतल्या-बाहेरच्या तापमानांची बेरीज, प्रत्येक तासाला वेगळे वजन देऊन केलेली. भिंतीचे थर सांगितले की ही वजने एकदाच काढायची. मग वर्षभर नुसती बेरीज आणि गुणाकार. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतून आलेला डीओई-२, त्याच्यावर उभा असलेला ईक्वेस्ट, आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला एनर्जीप्लस हे इमारतींच्या ऊर्जेचा हिशेब करणारे सगळे प्रोग्रॅम याच वाटेने चालतात.

तेव्हा संगणकाला ‘विटांची भिंत’ असे सांगून भागत नाही. त्याला थर लागतात, आणि तेही बाहेरून आत या क्रमाने. प्रत्येक थराची जाडी, उष्णतावाहकता, घनता आणि विशिष्ट उष्मा. बाहेरचा पृष्ठभाग किती ऊन शोषतो, तेही. या सगळ्यातून एक आकडा निघतो, यू-व्हॅल्यू: आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना एक चौरस मीटर भिंतीतून किती वॅट उष्णता जाते. यू जितका लहान, तितकी भिंत उष्णतेला अधिक अडवणारी. यूचा व्यस्त म्हणजे आर, भिंतीचा उष्णतारोध. आणि थरांचे आर सरळ बेरजेने एकत्र येतात.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगतो. थरांचा क्रम उलटा केला तरी यू तोच राहतो. उष्णतारोधक थर विटेच्या बाहेर असो की आत, बेरीज एकच. पण भिंतीचे वागणे बदलते. थर बाहेर असेल तर वीट उन्हापासून झाकली जाते आणि खोलीच्या तापमानाला सावरून धरते. थर आत असेल तर वीट दिवसभर बाहेर तापत राहते आणि खोलीला तिचा आधार मिळत नाही. क्रम उलटा भरला गेला तर प्रोग्रॅम चूक दाखवत नाही, कारण त्याच्या दृष्टीने दोन्ही भिंती बांधता येण्याजोग्या असतात. ते पाहणे माणसाचेच काम आहे.

८.०५ ची बेरीज

आता अपेंडिक्स जीची भिंत जवळून पाहू. खरी इमारत विटांची असो, दगडाची असो की काँक्रीटची, बेसलाइनची बाहेरची भिंत नेहमी स्टीलच्या हलक्या सांगाड्याची. उभे पत्र्याचे स्टड, त्यांच्यामध्ये ग्लासवूल, दोन्ही बाजूंना जिप्सम बोर्ड आणि बाहेरून पातळ गिलावा. मुंबई ज्या अतिउष्ण विभागात मोडते, तिथे या भिंतीत आर-१३ चे इन्सुलेशन भरायचे आणि तिचा यू अमेरिकी एककांत ०.१२४ धरायचा.

हा ०.१२४ आला कुठून? बाहेरच्या पृष्ठभागाला चिकटलेली हवेची पातळ फिल्म ०.१७. गिलावा ०.०८. बाहेरचे जिप्सम बोर्ड ०.५६. मग इन्सुलेशन. आतले जिप्सम बोर्ड ०.५६. आतली हवेची फिल्म ०.६८. इन्सुलेशनचे १३ धरून बेरीज केली तर ती १५.०५ येते आणि यू ०.०६६ होतो, म्हणजे सांगितलेल्याच्या जवळजवळ निम्मा. कारण १३ हा आकडा ग्लासवूलच्या गठ्ठ्यावर छापलेला आहे. भिंतीत बसल्यावर तो १३ राहत नाही. दर १६ इंचांवर स्टीलचा स्टड आहे आणि उष्णता ग्लासवूलला वळसा घालून स्टीलमधून निघून जाते. त्यामुळे त्या पोकळीचा खरा रोध फक्त ६ धरायचा असतो. आता पुन्हा बेरीज करा: ०.१७, ०.०८, ०.५६, ६, ०.५६, ०.६८. एकूण ८.०५. एक भागिले ८.०५ म्हणजे ०.१२४. आपल्या एककांत हाच यू ०.७०५ होतो.

छपराची बेरीज याहून छोटी. पत्र्याच्या डेकवर सलग आर-१५ चे इन्सुलेशन, वर हवेची फिल्म ०.१७, खाली ०.६१. एकूण १५.७८, यू ०.०६३, आपल्या एककांत ०.३६. इथे १५ चे १५ राहतात, कारण इन्सुलेशन सलग आहे आणि मध्ये स्टड नाहीत. एकाच इमारतीत भिंतीचे १३ हे ६ होतात आणि छपराचे १५ हे १५ राहतात. हे कारण ज्याला सांगता येते, त्याला बेसलाइन कळली असे मी मानतो.

दुसरी काळजी हवेच्या फिल्मची. एनर्जीप्लस वारा आणि तापमान पाहून ही फिल्म स्वतः मोजतो. म्हणून थरांमध्ये ती घालायची नसते. भिंतीचे थर ७.२० चेच भरायचे. कुणी घाईत ८.०५ भरले तर फिल्म दोनदा मोजली जाते आणि बेसलाइनचा यू दहा टक्क्यांनी सुधारतो. आता हीच चूक आपल्या नऊ इंची विटांच्या भिंतीत करून पाहा. २३० मिलिमीटर वीट, बाहेरून १५ आणि आतून १२ मिलिमीटर गिलावा: थरांचा रोध आपल्या एककांत सुमारे ०.३२, फिल्म ०.१५, एकूण ०.४७, यू सुमारे २.१. फिल्म दोनदा धरली की यू १.६ वर येतो. भिंत तीच आणि कागदावर जवळपास पाव सुधारणा! ज्या भिंतीचा स्वतःचा रोध कमी, तिला ही चूक जास्त फुगवते. आपल्या बहुतेक भिंती अशाच आहेत, म्हणून ही काळजी आपण इतरांपेक्षा अधिक घ्यायला हवी.

ब्लॉक आणि कॉलम

बेसलाइनच्या भिंतीत स्टीलचा स्टड हिशेबात धरला जातो. मग खऱ्या इमारतीत त्याच्या जागी जे आहे, तेही धरले पाहिजे. आपल्या शहरांतल्या इमारती आरसीसी सांगाड्याच्या असतात. मधली भिंत आता बहुतेक ठिकाणी एएसी ब्लॉकची, ज्याला साइटवर अजूनही पुष्कळ जण सिपोरेक्स म्हणतात. २०० मिलिमीटरच्या या ब्लॉकच्या भिंतीचा यू साधारण ०.७७ येतो. आकडा चांगला आहे आणि अहवालात तो ‘बाहेरची भिंत’ म्हणून छापला जातो.

पण बाहेरून उभे राहून त्या इमारतीकडे पाहा. दर काही मीटरवर कॉलम आहे, दर मजल्याला बीम आहे, स्लॅबची कड आहे. तेवढ्या भागात ब्लॉक नाही, काँक्रीट आहे, आणि २०० मिलिमीटर काँक्रीटचा यू ३.२ च्या घरात जातो. समजा, भिंतीच्या क्षेत्रफळाचा पाचवा हिस्सा काँक्रीटचा आहे. ब्लॉकच्या चार हिश्श्यांतून येणारी उष्णता ०.८ गुणिले ०.७७, म्हणजे ०.६२. काँक्रीटच्या एका हिश्श्यातून येणारी ०.२ गुणिले ३.२, म्हणजे ०.६४. एक हिस्सा काँक्रीट चार हिस्से ब्लॉकपेक्षा अधिक उष्णता आत सोडतो. भिंतीचा खरा यू १.२६ आहे, ०.७७ नाही.

प्रमाणग्रंथाने याबाबत सवलत दिली आहे, पण तिची मर्यादाही लिहिली आहे: एखादी रचना त्या प्रकारच्या एकूण क्षेत्रफळाच्या पाच टक्क्यांपेक्षा कमी असेल आणि मॉडेलमधल्या दुसऱ्या रचनेसारखीच असेल, तर तिची वेगळी नोंद केली नाही तरी चालते. आरसीसी सांगाड्याचा उघडा भाग पाच टक्क्यांत बसत नाही. कॉलम, बीम आणि स्लॅबची कड मॉडेलमध्ये स्वतंत्र रचना म्हणून आली पाहिजे, किंवा त्यांच्या क्षेत्रफळाचा भार धरून सरासरी यू काढला पाहिजे. हे काम कंटाळवाणे आहे, एलिव्हेशनवर मोजपट्टी लावून करावे लागते, आणि ते केल्यावर इमारतीचे टक्के घटतात. तरीही ते केलेच पाहिजे.

वजनदार भिंतीचा प्रश्न

आता दोन बेसलाइनमधल्या फरकाकडे येतो. माझ्या मते या विषयातला सगळ्यात मोलाचा प्रश्न हाच आहे.

भिंत उष्णता अडवते, तशी साठवतेही. नऊ इंची विटांच्या भिंतीचा एक चौरस मीटर एका अंशाने तापवायला गिलाव्यासह सुमारे ४०० किलोज्यूल लागतात. अपेंडिक्स जीच्या जिप्समच्या भिंतीला पन्नाससुद्धा लागत नाहीत. आपल्या वाड्यांच्या जाड मातीच्या भिंती, देशावरचे दगडी बांधकाम, कोकण-गोव्यातल्या जांभ्याच्या चिऱ्यांची घरे ही सगळी वजनदार भिंतींची परंपरा आहे. अमेरिकी बेसलाइन या परंपरेबाहेरची आहे. तिच्यासमोर आपली वीट उभी केली की एका वेळी दोन गोष्टी घडतात: साठवणीचा फायदा विटेच्या पदरात पडतो आणि कमी रोधाचा तोटाही.

मुंबईचे उदाहरण घ्या. ९०.१ च्या २००७ च्या आवृत्तीत यादीच्या मार्गाने जायचे ठरवले, तर मुंबईच्या विभागात कार्यालयाच्या वजनदार भिंतीला इन्सुलेशनची सक्तीच नाही; तिचा यू ३.२९ पर्यंत चालतो. २.१ ची विटांची भिंत तिथे निर्धास्त पास होते. तीच इमारत तुलनेच्या मार्गाने गेली की तिच्यासमोर ०.७०५ ची स्टीलची भिंत येते आणि आपली वीट तिच्या तिप्पट उष्णता आत सोडते. एकाच ग्रंथाच्या दोन मार्गांवर एकाच भिंतीचे असे दोन निकाल लागतात. दोन्ही नियमांप्रमाणेच आहेत. पण मालकाला यातले काही ठाऊक नसते. त्याला शेवटचे टक्के तेवढे कळतात.

२००७ च्या ईसीबीसीने वेगळा रस्ता धरला. तिच्या प्रमाण इमारतीची, म्हणजे तिच्या बेसलाइनची, भिंत खऱ्या भिंतीइतकीच उष्णता साठवणारी धरायची, फक्त यू संहितेतला घ्यायचा. म्हणजे विटेसमोर वीटच, पण इन्सुलेशन केलेली. या पद्धतीत रोधाची परीक्षा निखळ होते. मात्र साठवणीचे श्रेय कुणालाच मिळत नाही, कारण ते दोन्ही पारड्यांत सारखेच पडते.

यातली बरोबर पद्धत कोणती? मुंबईच्या दिवसभर वातानुकूलित कार्यालयात, जिथे दमट हवेत रात्रही फारशी थंड होत नाही, साठवणीचा उपयोग मर्यादित असतो. तिथे भारतीय पद्धत अधिक नेमके सांगते. विदर्भात आणि मराठवाड्यात, जिथे उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत दिवस-रात्रीचे अंतर मोठे असते, तिथे वजनदार भिंत दुपारची उष्णता लांबवून रात्रीच्या गारव्यापर्यंत नेते. तिला श्रेय मिळायला हवे आणि ते हलक्या बेसलाइनसमोरच दिसते. म्हणून माझे मत असे की, विदर्भ-मराठवाड्यातल्या इमारतीचा हिशेब दोन्ही बेसलाइनशी करावा आणि दोन्ही निकाल शेजारी शेजारी छापावेत. संगणकाला दुसरा हिशेब करायला फारसा वेळ लागत नाही, आणि त्या दोन आकड्यांतल्या अंतरातून मालकाला आपल्या भिंतीचा स्वभाव कळतो.

गच्ची

छपराचे महत्त्व मजल्यांवर अवलंबून असते. वीस मजली इमारतीत छप्पर एका मजल्याच्या डोक्यावर असते. तिथे त्याने हिशेबात फार फरक पडत नाही. एक-दोन मजल्यांची शाळा, दवाखाना, कारखान्याची शेड यांत छप्पर हीच मुख्य भिंत असते. पत्र्याचा स्वतःचा रोध जवळजवळ शून्य. जे काही अडते ते वरच्या-खालच्या हवेच्या फिल्मने. उघड्या १५० मिलिमीटर आरसीसी स्लॅबचा यू तीन ते चारच्या दरम्यान. त्यावर आपण ब्रिकबॅट कोबा घालतो. तो उतारासाठी आणि वॉटरप्रूफिंगसाठी असतो. उष्णतारोधात त्याची मदत होते, पण थोडी. २०१७ च्या ईसीबीसीने बहुतेक इमारतींच्या छपराला ०.३३ ची मर्यादा घातली आहे आणि आपल्या हवामानातल्या भिंतीला ०.४०. स्लॅबला ०.३३ वर आणायला चांगल्या इन्सुलेशनचे नऊ-दहा सेंटिमीटर लागतात, आणि नऊ इंची भिंतीला ०.४० वर आणायला सात.

हे इन्सुलेशन स्लॅबच्या वर घालायचे की खाली? वर घातले तर ओव्हरडेक, खाली लावले तर अंडरडेक. यू दोन्हीकडे सारखा. पण वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कुणालाही विचारा: मे महिन्यात ऊन उतरल्यावरही स्लॅब मध्यरात्रीपर्यंत तापलेला असतो. ओव्हरडेकमध्ये स्लॅबवर ऊन पोहोचतच नाही. अंडरडेकमध्ये स्लॅब तापतोच, फक्त त्याच्याखाली आडोसा येतो. बेसलाइनचे इन्सुलेशन डेकच्या वर असते, आणि आपला अंडरडेकचा थर मॉडेलमध्ये नकळत वर गेला तर हा सगळा फरक पुसला जातो. थरांच्या क्रमाविषयी मघाशी सांगितले, त्याचा हा रोजच्या जगण्यातला अर्थ.

रंगाचेही तसेच. अपेंडिक्स जीच्या २००७ च्या आवृत्तीत बेसलाइनच्या छपराची परावर्तकता ०.३० धरायची. पांढऱ्या कोटिंगची नवीन असतानाची परावर्तकता ०.७० च्या वर असू शकते. पण तीच आवृत्ती अशा छपरालाही मॉडेलमध्ये ०.४५ च धरायला सांगते, कारण धूळ, काजळी आणि शेवाळ यांनी पांढरेपणा टिकत नाही. आपल्या चार महिन्यांच्या पावसात आणि नंतरच्या धुळीत हे सावधपण रास्त आहे. कंपनीच्या पत्रकावरचा पहिल्या दिवसाचा आकडा मॉडेलमध्ये भरणे म्हणजे गच्ची दर वर्षी नव्याने रंगवली जाईल असे गृहीत धरणे होय.

घरांसाठी २०१८ मध्ये इको निवास संहिता आली. ती छपराला १.२ ची मर्यादा घालते. तेवढ्यासाठी दोन सेंटिमीटर इन्सुलेशन पुरते. भिंत आणि खिडक्या मिळून आत येणाऱ्या उष्णतेला थंड प्रदेश वगळता चौरस मीटरला १५ वॅटची मर्यादा आहे. ही संहिता कल्पित इमारत उभी करत नाही. एक सूत्र देते आणि ते कागद-पेन्सिलीने सुटते. गृहनिर्माण संस्थेतल्या कुणाही अभियंत्याने ते सोडवून पाहावे.

टक्क्यांचे वय

बेसलाइन काळाबरोबर सरकत आली, हेही जनतेने लक्षात ठेवले पाहिजे. २००९ चे लीड ९०.१ च्या २००७ च्या आवृत्तीशी तुलना करायचे. त्यानंतरची चौथी आवृत्ती २०१० च्या ९०.१ शी. ग्रंथ कडक झाला की बेसलाइन सुधारते आणि त्याच इमारतीचे टक्के घटतात. २००९ च्या पद्धतीतले वीस टक्के आणि पुढच्या पद्धतीतले वीस टक्के यांची बरोबरी होत नाही. वेगवेगळ्या गजांनी मोजलेले कापड एका हिशेबात घेता येत नाही. २०१६ च्या आवृत्तीने हा गोंधळ मिटवायला अपेंडिक्स जीची बेसलाइन साधारण २००४ च्या पातळीवर स्थिर केली. आता गज तोच राहतो आणि किती कमी ऊर्जेत भागले पाहिजे, ते लक्ष्य पुढे सरकते. मला हा बदल योग्य वाटतो. भारतीय संहितांनीही आपल्या प्रमाण इमारतीचे एक वर्ष ठरवावे आणि तिच्यात पुन्हा बदल करू नये.

अपेंडिक्स जीचा आणखी एक नियम मला आवडतो. खऱ्या इमारतीचा हिशेब एकदा, आणि बेसलाइनचा चारदा: आहे तशी, मग नव्वद, एकशे ऐंशी आणि दोनशे सत्तर अंशांत फिरवून. चौघींची सरासरी ही बेसलाइन. ज्याने इमारत ठेवतानाच पश्चिमेचे ऊन चुकवले, त्याला त्याचे श्रेय मिळते. बेसलाइनच्या खिडक्यांवर छज्जेही नसतात, म्हणून छज्ज्याचेही श्रेय मिळते. दिशा आणि छज्जा यांना गुण देणारा हा नियम आपल्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षातच शिकवला पाहिजे.

शेवटची विनंती

मॉडेल तयार करणाऱ्या तरुण अभियंत्यांना सांगतो: बेसलाइनच्या प्रत्येक भिंतीची आणि छपराची थरवार बेरीज अहवालात छापा. बाहेरून आत या क्रमाने, जाडीसकट, फिल्म धरली की नाही हे लिहून, आणि खाली यू. ८.०५ ची बेरीज अर्ध्या पानात मावते. तिच्याशेजारी खऱ्या भिंतीची बेरीज द्या, कॉलम-बीमच्या क्षेत्रफळासकट. दोन्ही बेरजा एकदा हाताने करा आणि प्रोग्रॅमने दाखवलेल्या यूशी जुळवून पाहा. जुळत नसतील तर टक्के सांगू नका.

महापालिकांच्या इमारत परवानगी विभागांना आणि सार्वजनिक बांधकाम खात्याला विनंती आहे: सरकारी पैशाने बांधल्या जाणाऱ्या प्रत्येक इमारतीच्या ऊर्जा-अहवालात ही दोन पाने सक्तीची करा. शाळा, रुग्णालय, न्यायालय या इमारती पन्नास-साठ वर्षे उभ्या राहतात आणि त्यांचे वीजबिल जनता भरते.

आणि आपण सगळे, जे या इमारतींत राहतो, काम करतो, जागा विकत किंवा भाड्याने घेतो, त्यांनी टक्क्यांचे वाक्य ऐकले की तीन प्रश्न विचारावेत. तुलना कोणत्या ग्रंथाच्या कोणत्या आवृत्तीशी केली? त्या तुलनेतली भिंत कशाची आणि छप्पर कशाचे? आमच्या भिंतीत काँक्रीटचा भाग धरला आहे का? ज्याने काम नीट केले आहे, त्याला ही उत्तरे द्यायला पाच मिनिटे लागतील. उत्तर मिळेपर्यंत त्या टक्क्यांवर विश्वास ठेवू नका.